पितळेची घागर की काशाचा टाळ?

सोलापूर जिल्ह्यातच पंढरपूर, त्यामुळे टाळाचा आवाज आमच्या कानात लहानपणापासून बसलेला. घरात आजीची पितळेची घागरही होती. दोन्हींत मुख्य धातू तांबंच, मग फरक एवढा का?

पितळेत तांब्यात जस्त मिसळतात, साधारण 30 ते 40 टक्के. जस्त तांब्यापेक्षा स्वस्त, आणि मिश्रण पुरेसं लवचीक राहतं. म्हणून पत्रा ठोकून घागरीला गळा काढता येतो. पडली तर पोचा येतो, फुटत नाही. मात्र आंबट आमटीसाठी आतून कल्हई हवीच.

काशात जस्ताऐवजी कथिल, जवळपास 22 टक्के. कथिलाचे अणू तांब्याच्या अणूंपेक्षा मोठे. ते मध्ये बसले की तांब्याचे थर एकमेकांवरून सहज सरकत नाहीत, धातू कडक होतो. कडक धातू कंप पटकन गिळत नाही. टाळावर टाळ हलकेच आपटून लगेच कानाशी धरा, नाद विरता विरत नाही. घागरीला टिचकी मारली तर ‘टक्’ होऊन संपतं. पण या कडकपणाची किंमत मोजावी लागते: काशाचं भांडं फरशीवर आपटलं तर तडकतं.

पाण्याला आणि रोजच्या धबडग्याला मी पितळच घेईन. पण भजनाला काशाचाच टाळ हवा, तिथे मला तडजोड मान्य नाही. तळपायाला तेल चोळायची वाटीही काशाचीच.