फळांनी लगडलेलं डाळिंबाचं ‘बोन्साय’: पैसे मोजण्याआधी बुंधा पाहा

झाडांच्या प्रदर्शनात असं एखादं टेबल हमखास सापडतं. निळा चकाकता ट्रे, त्यात दीड फुटाचं डाळिंब, त्यावर चार-पाच लालबुंद फळं, मातीवर पांढऱ्या खड्यांचा थर आणि शेजारी चिठ्ठी: ‘वय ८ वर्षे’. किंमत तीन-चार हजार. घरी आणल्यावर आठवडाभर सगळं ठीक असतं. मग पानं गळू लागतात, फळं सुरकुततात आणि महिन्याभरात ट्रेमध्ये नुसती काडी उरते. विकणाऱ्याला फोन केला की तो म्हणतो, पाणी जास्त झालं असेल. नवखा माणूस स्वतःला दोष देतो आणि बोन्सायचा नाद सोडतो. याचंच वाईट वाटतं, कारण चूक त्याची नसते.

असं मेलेलं झाड ट्रेमधून उपसून पाहिलं की कारण हातात येतं. शेवाळाचा मुठीएवढा गोळा आणि त्यात अडकलेली दोन-चार पांढरट मुळं. ते बोन्साय नव्हतंच, नुकतीच उतरवलेली गुटी होती, म्हणजे झाडावर असतानाच साल काढून, शेवाळ बांधून मुळं फोडलेली आणि मग कापलेली फांदी.

गुटीत वाईट काहीच नाही. उत्तम बोन्साय गुटीपासूनही होतात. फसवणूक आहे ती वयाची आणि मुळांची. मोठ्या झाडाची फळं देणारी फांदी निवडून तिच्यावर गुटी बांधली, तर दीड-दोन महिन्यांत मुळं फुटतात. फांदी वयात आलेल्या झाडाची असल्यामुळे ती कापून लावल्यावरही फळं धरते, किंबहुना फळांसकटच कापता येते. म्हणजे फळ हा झाडाच्या वयाचा पुरावा नाही. पण चार मुळांना शंभर पानं आणि चार फळं पोसता येत नाहीत. पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळं ओढू शकत नाहीत, आणि उरलंसुरलं फळं खेचून घेतात. ट्रे उथळ असल्याने उन्हात लवकर तापतो, आणि तिथे खेळ संपतो.

म्हणून नजर फळांवरून काढून खाली न्या. मुरलेल्या बोन्सायचा बुंधा मातीपाशी रुंद असतो, तिथून मुळं चहूबाजूंनी पसरलेली दिसतात आणि खोड वर जाताना निमुळतं होतं. गुटीचं खोड काठी रोवल्यासारखं सरळ मातीत शिरतं, वर-खाली एकाच जाडीचं. दोन बोटांनी खोड धरून हलकेच हलवा. बुडाशी डुगडुगलं तर मुळांनी अजून माती धरलेली नाही. ट्रे उचलून तळाची भोकं पाहा: जाळीतून मुळं डोकावतात का? झाड ट्रेला बांधणारी तार नवी कोरी दिसली तर झाड अलीकडेच बसवलंय. कधी बसवलं ते विचारा. मग फांद्यांच्या जुन्या कापांकडे बघा. वर्षं लोटलेल्या कापावर साल कडेने चढून त्याला गोल ओठ आलेला असतो. ताजा काप सपाट असतो, आणि तो लपवायला वर काळा रंग किंवा मेण फासलेलं असतं. फळांचे देठही तपासा, कारण बारीक तारेने अडकवलेली फळंही खपवली जातात.

खडे चिकटवलेले असतील तर झाड घेऊच नका. तो थर शोभेसाठी म्हणून सांगतात, पण त्याखाली बुंधा झाकला जातो आणि पाणी वरच्या वर वाहून जातं.

आणखी एक हिशोब. बोन्साय केल्याने पान लहान होतं, फळ लहान होत नाही. ‘भगवा’ डाळिंबाचं फळ पाव किलोच्या आसपास भरतं. दीड फुटाच्या झाडाला अशी चार फळं पेलवणार नाहीत. एखादं ठेवलं तरी खूप. ट्रेमध्ये फळं हवीच असतील तर ‘नाना’ हे बुटकं डाळिंब किंवा चिनी संत्रं घ्या, त्यांची फळं मुळातच छोटी.

झाड घेऊन बसला असाल तर आजच सगळी फळं आणि कळ्या तोडा. मन होत नाही, पण झाड त्यानेच वाचतं. निम्मी पानं काढा. चिकटवलेले खडे भिजवून उचकटा. मुळांचा गोळा न फोडता झाड आठ इंची साध्या कुंडीत हलवा आणि सावलीत ठेवा. वर पारदर्शक पिशवी घालून तिला चार भोकं पाडा. नवे कोंब येईपर्यंत खत शून्य. कोंब आले की पिशवी आठवडाभरात थोडी थोडी उघडत न्या. पुढचं वर्षभर फांद्यांना आकार द्यायला तार गुंडाळू नका.

त्यापेक्षा गुटी स्वतः बांधा. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीहून जाड, निरोगी फांदी निवडा. दोन-अडीच सेंटिमीटर रुंद सालीचं कडं काढा आणि खालचा बुळबुळीत थर खरवडून टाका. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. वरच्या काठाला मुळं फुटायची पावडर लावा, भिजवून पिळलेलं मूठभर शेवाळ गुंडाळा आणि प्लास्टिक दोन्ही टोकांना घट्ट बांधा. सगळ्या बाजूंनी मुळं दिसली की गोळ्याखाली कापा. थेट ट्रेमध्ये लावू नका. दहा-बारा इंची कुंडीत दोन-तीन वर्षं मोकळं वाढू द्या, खोड तेव्हाच जाड होतं. मिश्रण: चाळलेले तीन ते पाच मिलिमीटरचे विटांचे तुकडे दोन भाग, पोयटा (गाळाची माती) एक भाग, कुजलेलं शेणखत एक भाग, वर मूठभर निंबोळी पेंड. विटांची भुकटी चाळून फेका, तिने तळ गच्च होतो. बागेत ताण देऊन, म्हणजे काही काळ पाणी तोडून, बहार धरतात, तो प्रयोग ट्रेमध्ये नको. उथळ मातीत ताण दिलेलं झाड परत येत नाही.

ऑनलाइन मिळणारी ‘बोन्सायची बियाणी’ घेऊ नका. बोन्साय ही जात नाही. बी साध्याच झाडाचं असतं, छाटणी आणि मुळांच्या निगेने त्याचं बोन्साय होतं.

विकत घ्यायचंच असेल तर झाडाचं नाव, वय आणि ते गुटीचं, कलमाचं की बियाचं हे बिलावर लिहून मागा. खरा बोन्साय करणारा हे आनंदाने लिहून देतो, शेवटचं ट्रेमध्ये कधी बदललं तेही सांगतो. घरी आणल्या दिवशी बुंध्याचे, ट्रेच्या तळाचे आणि चिठ्ठीचे फोटो काढून ठेवा. फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. झाड मेलं तरी मुळांचा गोळा टाकू नका, वाळवून पिशवीत जपा. ८ वर्षांचं झाड म्हणून काय दिलं होतं ते त्यातच दिसतं.