‘200 ग्रॅम’ची झेपलिन विकत घेण्याआधी

‘लेड झेपलिन टू’ या रॉक अल्बमच्या रेकॉर्डचं महागडं रीइश्यू, म्हणजे नव्याने छापलेली आवृत्ती, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवरून घ्यायचा कोणाचा विचार असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे साडेआठ हजार गेलेत आणि ज्या पद्धतीने गेले ती पद्धत सध्या जोरात आहे. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही; तसंही ते तो बदलत असतो.

या अल्बमवर ठगांचा डोळा असायला कारण आहे. 1969 मध्ये इंजिनिअर बॉब लडविगने त्याचा अमेरिकन कट, म्हणजे ज्यावरून रेकॉर्ड छापतात ती मूळ तबकडी, इतका दणदणीत कापला, की अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीचे सर्वेसर्वा अहमेट अर्टेगन यांच्या मुलीच्या साध्या प्लेअरवर सुई उडायला लागली. कंपनीने आवाज कमी करून नवा कट काढला. हा किस्सा खुद्द लडविगनेच सांगितलाय. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत, म्हणजे रनआऊटमध्ये, लडविगची ‘आरएल’ ही खूण कोरलेली ती जुनी प्रत आज हाताला चटका बसेल अशा भावाने जाते. मग आपल्यासारखे रीइश्यूकडे वळतात आणि तिथे श्रोत्यांत दोन तट. बँडचा गिटारवादक जिमी पेजच्या देखरेखीखाली 2014 मध्ये निघालेली आवृत्ती काहींना स्वच्छ, मोकळी वाटते. काही म्हणतात, ड्रमर बॉनमच्या ड्रम्सचा दणकाच गेला. ती डिजिटल ट्रान्सफरवरून, म्हणजे मूळ टेप आधी कॉम्प्युटरमध्ये उतरवून, केली आहे आणि हे कोणी लपवलेलं नाही. मला विचाराल तर पैशाच्या मानाने झकास. दुसरा तट क्लासिक रेकॉर्ड्स या कंपनीच्या 200 ग्रॅम वजनाच्या आवृत्तीपुढे कशालाच मोजत नाही. इंजिनिअर बर्नी ग्रंडमनने ती थेट अॅनालॉग टेपवरून, मधे कॉम्प्युटर न आणता, कापली होती. 2010 मध्ये ती कंपनीच विकली गेली, माल मिळेनासा झाला आणि भाव वधारले.

मला विकली गेली ती हीच म्हणून.

जाहिरातीतलं कौतुक खोटं नव्हतं. फक्त ते दुसऱ्याच रेकॉर्डचं होतं. ‘बास पोटात लागतो’, ‘सिंबल (ड्रमच्या झांजा) विझेपर्यंत ऐकू येतात’ ही वाक्यं लोकांनी मनापासून लिहिलेली, पण काही ‘आरएल’ प्रतीबद्दल, काही ग्रंडमनच्या कटबद्दल. या गृहस्थाने ती उचलून आपल्या मालाखाली डकवली. रनआऊटचा फोटोही होता, ग्रंडमनच्या ‘बीजी’ या आद्याक्षरांसकट. तोही कुणा दुसऱ्याच्या प्रतीचा. माल सीलबंद. “सर, सील फोडलं की व्हॅल्यू निम्मी. ओपन पीस मी परत घेत नाही, आधीच सांगतो.” यातली मेख बघा: सील फोडल्याशिवाय रनआऊट दिसत नाही आणि रनआऊट बघितलं की परतीचा रस्ता बंद.

कव्हरच्या मागची बारीक अक्षरं कडेला फुटलेली होती, स्कॅन करून छापल्यासारखी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रेकॉर्ड ठेवली, 141 ग्रॅम. वजनावरून आवाज ठरत नाही हे मान्य, पण 200 म्हणून 141 द्यायला ही काय रद्दी आहे? रनआऊटमध्ये यंत्राने उमटवलेला एक आकडा, बाकी कोरं.

आवाज मात्र वाईट नव्हता. ठीकठाक होता. अनेकांनी ऐकून समाधानाने कपाटात ठेवली असती. चोरी पकडली ती रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूने. ‘हार्टब्रेकर’ जिथे तुटतं, तिथेच, श्वासही न घेता, ‘लिव्हिंग लव्हिंग मेड’ सुरू होतं. रेडिओवरही ही दोन गाणी जोडीनेच लागायची. माझ्या प्रतीत मधे शांततेची एक फट होती, पापणी लवेल एवढीच. टेपवरून कापलेल्या रेकॉर्डमध्ये अशी फट यायचं कारणच नाही. सीडीची गाणी सुटी-सुटी उतरवून पुन्हा निष्काळजीपणे जोडली की ती येते. मग रेकॉर्ड 96 किलोहर्ट्झवर कॉम्प्युटरमध्ये उतरवून ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या वारंवारतेचा आलेख पाहिला. 22 किलोहर्ट्झच्या जरा खाली सगळं कडेलोट झाल्यासारखं संपत होतं. सीडीची मर्यादा नेमकी तिथेच येते.

‘मला कानाने कळेल’ म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. 2022 मध्ये मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या अमेरिकी कंपनीच्या रेकॉर्ड, ज्यांना लोक शुद्ध अॅनालॉग समजत होते, त्यांतल्या बऱ्याच डिजिटल टप्प्यातून गेल्याचं उघड झालं. त्यांची वाहवा करण्यात मुरलेले कान पुढे होते. डिजिटलचं मला वावडं नाही. सीडीवरून छापलेली बनावट प्रत अॅनालॉग म्हणून गळ्यात मारणं ही शुद्ध लबाडी.

पुरावे पाठवले तर आधी “सर, तुमची सुई चेक करा” आणि मग ब्लॉक. पैसे यूपीआयने गेलेले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, बँकेलाही कळवलंय. अजून वाटाण्याच्या अक्षताच.

एवढी महाग रेकॉर्ड उघडलेलीच घ्या. रनआऊटच्या फोटोत तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. कोणी प्रत वाखाणली असेल तर त्यालाही रनआऊटमधला आकडा विचारा. आकडा नसेल तर ते मत कुठल्या रेकॉर्डचं आहे देव जाणे. खरा विक्रेता कुरकुर करेल, पण फोटो पाठवेल. माझ्या विक्रेत्याने “स्टॉक गोडाऊनला आहे” असं सांगून टाळलं होतं.

त्याचा फोटो अजून फिरतोय, परवा दुसऱ्या खात्यावर नऊ हजारांना दिसला. डाव्या कोपऱ्यात निळ्या चौकटींची चादर आहे आणि स्टिकरचं एक टोक दुमडलेलं आहे.