'हेदर्स' की 'मीन गर्ल्स'?

दोन्ही सिनेमे अमेरिकन शाळेत दादागिरी करणाऱ्या मुलींवरचे, आणि विशेष म्हणजे एकाच घरातले. १९८९च्या 'हेदर्स'ची पटकथा डॅनियल वॉटर्सची, २००४च्या 'मीन गर्ल्स'चा दिग्दर्शक त्याचाच भाऊ मार्क.

टीना फेने लिहिलेला 'मीन गर्ल्स' तुफान चालला. चुरचुरीत संवाद, मोकळं हसू. शेवटी नायिका केडी प्लास्टिकच्या मुकुटाचे तुकडे करून मुलींमध्ये वाटते आणि वैर मिटतं.

'हेदर्स' थिएटरात आपटला. चाहते मिळाले ते पुढे व्हिडिओवर. इथे खून आत्महत्या म्हणून खपतात आणि मोठी माणसं त्या मरणाचाही सोहळा करतात. हसू घशातच अडकतं. केसांना बांधायच्या त्या लाल स्क्रंचीकडे नीट बघा: ती जिच्या केसांत, तिची सत्ता. शेवटी विनोना रायडरची व्हेरॉनिका काजळीने माखलेल्या चेहऱ्याने येते आणि ती स्क्रंची सरळ तेव्हाची म्होरकी हेदर ड्यूक हिच्याकडून काढून घेते. समेट वगैरे नाही! मला हाच शेवट जास्त खरा वाटतो, म्हणून माझं मत 'हेदर्स'ला.

मात्र घरात शाळकरी मुलं असतील तर आधी 'मीन गर्ल्स' लावा. 'हेदर्स'मधला आत्महत्येचा विषय त्यांच्याशी बोलल्याशिवाय दाखवू नये.