फेरीबोटीचं तिकीट: थेट कंपनीकडून की बुकिंग साइटवरून?

फेरीबोटीनं गाडी घेऊन जायचं ठरलं की बोट कोणती यापेक्षा तिकीट कुठून काढायचं यावरच माझा जास्त वेळ जातो. फेरी कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून काढावं, की पाच-दहा कंपन्यांच्या बोटी एकाच पानावर दाखवणाऱ्या बुकिंग साइटवरून? मी दोन्हीकडून काढलेली आहेत. बरीच वर्षं बुकिंग साइटच वापरली, आता बहुतेक वेळा कंपनीकडे जातो. मूळ भाडं मला दोन्हीकडे जवळपास सारखंच दिसलं आहे, त्यामुळे भाडं हा मुद्दा नव्हता. त्या भाड्याभोवती ज्या बारीकसारीक रकमा चिकटतात, त्यांनी माझं मत बदललं.

बुकिंग साइटच्या बाजूनं आधी सांगतो, कारण तिची सोय खरी आहे. एकाच मार्गावर दोन-तीन कंपन्या असतील, एकीची वेगवान कॅटामरान (दोन सांगाड्यांची बोट) आणि दुसरीची सावकाश जाणारी मोठी बोट असेल, तर वेळा आणि दर शेजारी-शेजारी दिसतात. तीन बेटं करायची असतील तर तिन्ही तिकिटं एकाच वेळी, एकाच कार्डावर निघतात. काही छोट्या कंपन्यांच्या साइट फक्त स्थानिक भाषेत असतात, काही परदेशी कार्ड घेत नाहीत. अशा वेळी मधला माणूस उपयोगीच पडतो, आणि त्या उपयोगाचे त्यानं पैसे घेतले तर त्यात गैर काही नाही.

माझी हरकत ते पैसे कधी दाखवले जातात याला आहे. पहिल्या पानावर एक रक्कम दिसते. आपण चौघांची नावं, जन्मतारखा, पासपोर्टचे नंबर, गाडीचा नंबर असं सगळं भरत जातो, आणि पैसे भरायच्या पानावर 'सेवा शुल्क' नावाची ओळ उगवते. मी वापरलेल्या एका साइटवर ते शुल्क माणशी होतं आणि जाण्याचं वेगळं, येण्याचं वेगळं. म्हणजे चौघांच्या परतीच्या प्रवासाला आठ वेळा. अर्धा तास माहिती भरून झाल्यावर माघारी फिरायला माणूस सहसा तयार होत नाही. मीही झालो नाही.

या पद्धतीला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात, दर थेंबाथेंबानं वाढवत नेणं. तिच्यावर आता कायदे येऊ लागले आहेत. भारतात डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला चकवणारी साइटची मांडणी, याविषयीच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जे तेरा प्रकार दिले आहेत, त्यात हा आहे आणि गुपचूप टोपलीत वस्तू टाकणंही आहे. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून जे शुल्क टाळताच येत नाही ते सुरुवातीच्या दरातच दाखवावं लागतं. युरोपीय संघात आधीपासून खूण केलेली चौकट ही ग्राहकाची संमती धरली जात नाही, आणि तशा चौकटीतून घेतलेले पैसे परत मागता येतात. हा नियम प्रवासाच्या तिकिटांनाही लागू आहे. साइट कोणत्या देशातली आहे यावर आपल्याला काय दिसणार हे बरंचसं ठरतं, म्हणून अटींच्या पानावर तळाशी कंपनीची नोंदणी कुठे आहे ते मी एकदा बघून घेतो.

कंपनीच्या साइटवर सगळं स्वच्छ असतं असं मात्र नाही. तिथे सहसा सेवा शुल्क नसतं, पण बंदराचा कर, इंधनाचा अधिभार आणि हल्ली उत्सर्जनाचा अधिभार अशा ओळी असू शकतात. इंधनाचा अधिभार जुना आहे, तेलाच्या भावाबरोबर तो वरखाली होतो. उत्सर्जनाचा नवा आहे. युरोपीय संघानं २०२४ पासून ५,००० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकारमानाचं माप) आणि त्यापुढच्या जहाजांना कार्बन परवान्यांच्या योजनेत, म्हणजे उत्सर्जनाच्या प्रमाणात परवाने घेऊन द्यायच्या योजनेत, आणलं. २०२४ च्या उत्सर्जनापैकी ४० टक्क्यांसाठी, २०२५ च्या ७० टक्क्यांसाठी आणि २०२६ पासून संपूर्ण उत्सर्जनासाठी परवाने द्यावे लागतात. काही कंपन्या तो खर्च भाड्यात मिसळतात, काही वेगळा दाखवतात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या तिकिटाशी आजचं ताडून पाहताना फसगत होते. हे अधिभार बुकिंग साइटवरूनही आपल्याच माथी येतात, फक्त तिथे ते बहुधा भाड्यात विरघळलेले असतात आणि कशाचे किती हे कळत नाही.

कंपनीच्या साइटवर रात्रीच्या प्रवासाला केबिन आधीच निवडलेली असणं, जेवणाची कूपनं पुढे करणं, विम्याचं पान येणं हेही होतं. बहुतेक ठिकाणी 'नको' म्हणता येतं. पण काही लांबच्या रात्रीच्या मार्गांवर केबिन किंवा आरामखुर्ची घ्यावीच लागते, आणि जाहिरातीतला दर तिच्याशिवायचा असतो. इथे दोन्ही बाजू सारख्याच, डावं-उजवं करण्यासारखं मला काही सापडलं नाही.

गाडीच्या मापाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. फेरीबोटीची गाड्यांची क्षमता लेनच्या मीटरमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या रांगांच्या लांबीत, मोजतात. बुटक्या गाड्यांसाठी कमी उंचीचे मजले असतात, काही बोटींवर ते वर-खाली करता येतात. गाडी त्या मजल्यात बसली नाही की तिला ट्रकांच्या मजल्यावर जागा द्यावी लागते, आणि ती जागा महाग असते. उंचीची मर्यादा कंपनीगणिक, कधी बोटीगणिक बदलते. टपावर सामानाची पेटी लावली की साधी मोटार बघता बघता वरच्या वर्गात जाते. मी एकदा बुकिंग साइटच्या यादीतून 'मोटारगाडी' निवडली होती. पेटीचं कुणी विचारलं नव्हतं, निदान मला तो प्रश्न दिसला नाही. धक्क्यावर माणसानं गाडीशेजारी मापाची काठी धरली आणि फरकाची रक्कम त्या दिवसाच्या दरानं भरायला लावली. त्याच कंपनीच्या स्वतःच्या साइटवर नंतर मुद्दाम पाहिलं, तर तिथे टपावरच्या सामानासकट उंची आणि मागच्या सायकल-रॅकसकट लांबी असा स्पष्ट प्रश्न होता. खरं भाडं तिथे घरबसल्या कळलं असतं.

नावातली चूक हीसुद्धा पैशाची गोष्ट आहे. युरोपात १९९८ च्या एका निर्देशानुसार २० सागरी मैलांहून लांबच्या प्रवासात प्रत्येक प्रवाशाच्या नावाची नोंद ठेवावी लागते, अपघात झाला तर बोटीवर कोण होतं हे कळावं म्हणून. नियम योग्यच आहे. पण त्यामुळे एक अक्षर चुकलं तरी दुरुस्ती करावी लागते. मी कंपनीकडून घेतलेल्या तिकिटावर ती एका फोनवर फुकट झाली. बुकिंग साइटवर 'बदलाचे शुल्क' लागलं. एकेकाच अनुभवावरून नियम काढू नये, पण माझ्या वहीत ही नोंद आहे.

आता ज्या एका गोष्टीनं माझं ठरलं, ती.

आम्ही चौघं बेटावरून परतत होतो. सकाळची बोट, बुकिंग साइटवरून काढलेलं तिकीट, वर 'लवचीक तिकीट' नावाचं संरक्षणही जास्तीचे पैसे देऊन घेतलेलं. पहाटे उठून, सामान भरून, हॉटेलची खोली सोडून धक्क्यावर पोहोचलो तर गाड्यांच्या लेन रिकाम्या. वारा वाढणार म्हणून आमची बोट आदल्या संध्याकाळीच रद्द झाली होती. तिकीट खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे समजावलं: ज्यांनी कंपनीकडून तिकीट काढलं होतं त्यांना रात्रीच मोबाइलवर संदेश गेला, त्यातल्या दुव्यावरून त्यांनी वारा पडल्यावर सुटणारी पुढची बोट निवडली. आमच्या बुकिंगवर मात्र प्रवाशाच्या फोनच्या जागी साइटचा संपर्क होता. कंपनीनं कळवलं होतं, पण ते साइटला. साइटचं ईमेल आम्हाला मिळालं ते आम्ही धक्क्यावर उभे असताना.

बरं, आता तरी बदलून द्या म्हटलं, तर खिडकीवर तेही होईना. तिकीट एजन्सीचं, बदल एजन्सीनं करायचा. साइटच्या फोनवर आम्ही रांगेत थांबलो. दरम्यान संध्याकाळच्या बोटीत गाडीची जागा संपली, कारण ती रात्रीच भरत आली होती. माणसांना जागा होती, गाडीला नव्हती. शेवटी दुसऱ्या दिवसाचं तिकीट खिडकीवर नव्यानं काढलं, उरलेल्या सर्वांत महाग दरात, आणि एक रात्र राहिलो. आईला गुडघ्याचा त्रास आहे, तिला त्या वाऱ्यात पाऊण तास उभं राहावं लागलं याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

परतावा आला तेव्हा त्यात भाडं होतं. आठ सेवा शुल्कं नव्हती. लवचीक तिकिटाचे पैसेही नव्हते. साइटचं उत्तर असं की ते संरक्षण प्रवाशानं बेत बदलला तर, इथे तर बोट कंपनीनं रद्द केली, म्हणून ते लागू नाही. अटी पुन्हा वाचल्या, तसं लिहिलेलं होतं. मी ज्या भीतीनं ते घेतलं होतं नेमकी तीच गोष्ट त्यात नव्हती, आणि ते विकतानाच्या पानावर दोन शब्दांत सांगता आलं असतं.

हक्क काय असतात तेही तेव्हा नीट वाचलं. युरोपीय संघाचा सागरी प्रवाशांविषयीचा नियम, २०१० चा क्रमांक ११७७, डिसेंबर २०१२ पासून लागू आहे. बोट रद्द झाली किंवा सुटायला ९० मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल, तर दुसऱ्या मार्गानं पोहोचवणं किंवा तिकिटाचे पैसे परत, यातलं एक निवडायचा हक्क प्रवाशाला आहे. परतावा सात दिवसांत द्यायचा असतो. उशिराची भरपाई वेगळी: चार तासांपर्यंतच्या प्रवासाला एक तास उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, दोन तासांहून जास्त झाला तर ५० टक्के. पण कारण हवामान असेल तर भरपाई आणि रात्रीच्या मुक्कामाचा खर्च यांतून कंपनी सुटते. परतावा किंवा पर्यायी प्रवास यांतून सुटत नाही. तक्रार दोन महिन्यांच्या आत करावी लागते. आणि हा नियम बोलतो तो तिकिटाच्या किमतीबद्दल. मधल्या साइटनं आपलं शुल्क वेगळ्या ओळीत ठेवलेलं असतं, वाद तिथे सुरू होतो. कंपनीकडून काढलेल्या तिकिटाला सहसा तशी ओळच नसते.

ज्यांचे प्रवास ठरल्यासारखे पार पडतात, गाडी नसते, हवामान शांत असतं, त्यांना यातलं काहीच भोगावं लागणार नाही. त्यांना बुकिंग साइटचं थोडं शुल्क वाचलेल्या वेळाच्या मानानं स्वस्तच वाटेल, आणि ते चूक नाही. सगळ्या साइट सारख्याही नसतात. काही पहिल्याच पानावर शुल्कासकट दर दाखवतात आणि प्रवाशाचा फोन नंबर कंपनीला पोहोचवतात. अशी साइट मिळाली तर माझा निम्मा आक्षेप गळून पडतो.

चलनाची एक गोष्ट दोन्हीकडे सांभाळावी लागते. पैसे भरताना 'तुमच्या चलनात भरा' असा पर्याय आला तर त्यातला विनिमय दर तो पर्याय देणाऱ्यानं ठरवलेला असतो, आणि त्यात त्याचा वाटा असतो. मी नेहमी कंपनीच्याच चलनात भरतो आणि रूपांतर माझ्या बँकेवर सोडतो. बँकही आपलं शुल्क लावते, पण ते मला आधीपासून माहीत असतं. युरोपात ग्राहकांच्या नेहमीच्या कार्डांवर वेगळं कार्ड-शुल्क लावायला जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. इतरत्र ते अजून दिसतं, शेवटच्या पानावरच.

आता मी वेळापत्रक बुकिंग साइटवर बघतो. तिथे त्याला तोड नाही. बोट ठरली की कंपनीची साइट उघडतो, गाडीची पेटीसकट उंची टाकतो आणि पैसे भरायच्या पानापर्यंत जातो. शंका असेल तर बुकिंग साइटवरही तिथपर्यंत जातो आणि दोन्ही शेवटची पानं शेजारी ठेवतो. पहिल्या पानांची तुलना करणं मी सोडून दिलं आहे. फरक किरकोळ असला तरी तिकीट कंपनीकडून काढतो, कारण संदेश माझ्या फोनवर यावा एवढ्यासाठी मी थोडं जास्तही देईन.

बुकिंग साइटकडे मी अजून एकाच कामासाठी वळतो. एका कंपनीच्या बोटीनं उतरून दुसऱ्या कंपनीची बोट पकडायची असते तेव्हा. साइटवर तो प्रवास सलग एक दिसतो, पैसेही एकदम जातात. पण आत ती दोन वेगळी तिकिटं असतात, आणि पहिली बोट उशिरा आली म्हणून दुसरी चुकली तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. अशा प्रवासात मी दोन बोटींच्या मध्ये एक रात्र ठेवतो.