शेततळ्यातील मत्स्यपालनासाठी पाणी तपासणी संच
रोहू-कटल्याच्या शेततळ्यासाठी घेतलेल्या या संचात सामू (पाण्याची आम्लता-अल्कता, म्हणजे pH), विरघळलेला प्राणवायू आणि अमोनिया मोजण्याची द्रावणे असून मराठी माहितीपत्रकामुळे ती वापरणे सोपे जाते. अमोनियाची चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण सामू आणि तापमान वाढले की त्याच अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात जातो, म्हणून तिन्ही नोंदी एकत्रच वाचाव्या लागतात. असे असूनही संचात तापमापक नाही, ही मोठी उणीव आहे. प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, त्यामुळे तो तेव्हाच मोजावा आणि लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास खाद्य कमी करून एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) सुरू करावा. तळ्याचे गाळयुक्त पाणी ओढ्यात न सोडता पिकांना द्यावे, ही सूचना माहितीपत्रकात अवश्य हवी होती.