बुडापेस्टची संसद: तिकीट महाग, तरी जाऊन याच

युरोपियन युनियनच्या नागरिकांपेक्षा आपल्याला इथलं तिकीट जवळपास दुप्पट पडतं. बुकिंग करताना आमच्या ह्यांची कुरकुर झालीच. पण ऑनलाइन तिकिटं आधीच संपतात, त्यामुळे घासाघीस करत बसू नका. विमानतळासारखी तपासणी होते, हे धरून जरा लवकर पोहोचा.

टूर जेमतेम पाऊण तासाची. जिना चढून गेलं की सोनंच सोनं. सजावटीत सुमारे ४० किलो वापरलंय म्हणे. खरं सांगायचं तर दहा मिनिटांत डोळ्यांना ते पुरे होतं. घुमट ९६ मीटर उंच, कारण मग्यार लोक, म्हणजे हंगेरियन, इथे आले ते ८९६ साली. घुमटाखाली त्यांचा राजमुकुट, शेजारी पहारेकरी. तिथे फोटो काढायचा नाही, मोबाइल पर्समध्येच ठेवा. मुकुटावरचा क्रूस चक्क वाकडा आहे आणि कुणी तो सरळ केलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर हा मुकुट अमेरिकेच्या ताब्यात होता, परत आला १९७८ साली.

मला सगळ्यात आवडलं ते मात्र सभागृहाबाहेरचं. खिडकीच्या कट्ट्यावर पितळी पट्टी, तिच्यात सिगार टेकवायच्या खाचा आणि प्रत्येक खाचेला नंबर! आत जाताना सभासद पेटती सिगार इथे ठेवायचा आणि नंबर लक्षात ठेवायचा. भाषण रंगलं तर बाहेर येईपर्यंत सिगारची राख. गाइडबाई हे सांगत होत्या तेव्हा आमचे हे पट्टीवर वाकून नंबर वाचत होते आणि ग्रुप पुढे निघून गेला होता. तिथे आणखी पाच मिनिटं द्यायला हवी होती.

आपल्याला दाखवतात ते जुन्या वरिष्ठ सभागृहाचं दालन. आता सभागृह एकच, १९९ सभासदांचं, आणि ते दुसऱ्या बाजूला भरतं. वास्तुविशारद इमरे श्टाइंडल १९०२ साली गेले, इमारत पुरी झाली १९०४ मध्ये. बिचाऱ्यांना ती पुरी झालेली बघायला मिळाली नाही.

गुडघे दुखणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी लिफ्टची चौकशी करावी, नुसत्या मुख्य जिन्यालाच ९६ पायऱ्या आहेत. आणि बाहेरचा फोटो चौकातून काढायच्या भानगडीत पडू नका. २६८ मीटर लांबीची इमारत फ्रेममध्ये मावत नाही. एम-२ मेट्रोने एकच स्टेशन पुढे, डॅन्यूबपलीकडे बाच्यानी चौकात उतरा आणि नदीकाठावरून काढा.