सॅलमँडरच्या पायांचा नमुनासंच : नमुने उत्तम, तक्ता चुकीचा

आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागासाठी गेल्या महिन्यात नाशिकच्या मेनरोडलगतच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून सॅलमँडरच्या पायांच्या सांगाड्याचा रेझिनचा नमुनासंच २,६५० रुपयांना घेतला. सॅलमँडर हा पालीसारखा दिसणारा, शेपटीचा उभयचर सह्याद्रीत नाही. आपल्या देशात तो पाहायचा तर पूर्व हिमालय किंवा ईशान्येकडे जावे लागते. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात बेडूक पाहत वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना हा प्राणी समजावून द्यायचा, तर विच्छेदन बंद झाल्यानंतर असे नमुनेच आधाराला उरतात.

संचात पाच नमुने आहेत : अॅक्सोलॉटल या सॅलमँडरचा वाढ झालेला पुढचा पाय, त्याच्याच मागच्या पायाच्या वाढीच्या तीन अवस्था आणि तुलनेसाठी बेडकाचा वाढता मागचा पाय. प्रयोगशाळेत अल्शियन ब्लू आणि अॅलिझरिन रेड वापरून रंगवतात तशीच इथेही कूर्चा निळी आणि हाड लाल ठेवले आहे. पुढच्या पायाला चारच बोटे आहेत, आणि ते बरोबर आहे. भिंग लावून मनगट पाहिले की पहिली दोन बोटे एकाच रुंद निळ्या तुकड्यावर टेकलेली दिसतात. बेसेल कॉम्यूने म्हणतात तो हाच तुकडा. सॅलमँडरची ही खास ओळख स्वस्त नमुन्यांत सर्रास दोन वेगळ्या तुकड्यांत दाखवलेली असते. इथे ती चूक झालेली नाही, हे पाहून मला फार समाधान वाटले.

मात्र संचाचे खरे मोल तीन अवस्थांच्या नमुन्यांत आहे. पहिल्या अवस्थेत अंगठ्याच्या बाजूची दोनच बोटे दुबेळक्यासारखी पुढे आलेली आहेत, दुसऱ्या अवस्थेत तिसरे बोट फुटते आहे आणि तिसऱ्या अवस्थेत पाचवे बोट जेमतेम तांदळाच्या कणीएवढे आहे. बेडूक, कोंबडी किंवा माणूस यांच्यात बोटांची घडण चौथ्या बोटापासून सुरू होते; चार पायांच्या आजच्या प्राण्यांत सॅलमँडरच उलट्या दिशेने जातो. शुबिन आणि अल्बर्च या शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये या फरकाची नीट मांडणी केली. पुढे २००७ मध्ये सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या एपेटिऑन या उभयचराच्या जीवाश्मांत बोटांची हाडे याच क्रमाने तयार झालेली आढळली, तेव्हा ही रीत आपण समजत होतो त्यापेक्षा कितीतरी जुनी असावी, असा विचार पुढे आला.

म्हणूनच सोबतच्या तक्त्यातली चूक मला अक्षम्य वाटते. त्यात सॅलमँडरच्या मागच्या पायावर बोटे उमटण्याचा क्रम दाखवणारा बाण करंगळीकडून अंगठ्याकडे काढला आहे, म्हणजे नमुना एक सांगतो आणि तक्ता नेमके त्याच्या विरुद्ध. हा क्रम चुकला की पुढचे सगळेच चुकते. अल्बर्च आणि गेल यांनी १९८५ मध्ये दाखवले, की वाढत्या पायातील पेशींचे विभाजन रसायनाने रोखले तर अॅक्सोलॉटल शेवटी येणारी करंगळीकडची बोटे गमावतो आणि बेडूक अंगठ्याकडची. हेमिडॅक्टिलियम या सॅलमँडरच्या मागच्या पायाला आज चारच बोटे आहेत, त्याचे स्पष्टीकरण याच क्रमात सापडते. तक्ता पाहून शिकलेल्या विद्यार्थ्याला ते कधीच उलगडणार नाही.

दुकानाच्या सेवेबद्दल तक्रार नाही. एका नमुन्याचे बोट वाटेत तुटले होते, तो चौथ्या दिवशी विनामूल्य बदलून मिळाला. तक्त्याबद्दल सांगितल्यावर दुकानदारांनी चूक लिहून घेतली आणि उत्पादकांना कळवतो म्हणाले. प्रोटिअस या गुहेत राहणाऱ्या सॅलमँडरचा नमुना संचात असता तर पुढच्या पायाला तीन आणि मागच्या पायाला दोनच बोटे कशी उरतात, तेही दाखवता आले असते. ती मागणीही मी त्यांच्याकडे नोंदवली आहे.

पदवीच्या वर्गांसाठी संच जरूर घ्यावा, पण तक्ता भिंतीवर लावू नये. आमच्याकडे त्या बाणावर पांढरी पट्टी चिकटवून उलट दिशेचा बाण हाताने काढला आहे.